गिऱ्हाईक काय विचारतं? लहान व्यवसाय आणि त्याचे संकेतस्थळ

(वर्धापनदिनानिमित्त विहाराच्या सभागृहात भरलेल्या व्यवसाय मार्गदर्शन शिबिरातील व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेला काही भाग वगळून येथे देत आहोत.)



समितीने मला विषय दिला आहे तो असा, की लहान व्यवसायाचे संकेतस्थळ ग्राहकाला अधिक उपयोगी कसे करावे. विषय ऐकायला जरा कोरडा आहे. पण इथे बसलेल्यांपैकी कुणाचा शिवणकामाचा धंदा आहे, कुणाचा मसाल्याचा, कुणी मंडप-डेकोरेशन करतं, आणि यातल्या बऱ्याच जणांनी पदरचे पैसे घालून वेबसाइट करून घेतलेली आहे. तिचा उपयोग काय झाला म्हणून विचारलं तर उत्तर येतं, 'आहे आपली एक.' म्हणजे दुकानाला पाटी असावी तशी. पाटी बघून गिऱ्हाईक आत शिरतं, पण आत गल्ल्यावर कोणी नाही, हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही. थोडा वेळ थांबतं आणि निघून जातं. आणि निघून गेलं हे आपल्याला कळतही नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. दुकानातून रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक निदान डोळ्यांना दिसतं.

सगळ्याच धंद्यांविषयी थोडं थोडं बोललो तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच धंदा घेतो, कोल्हापुरी चपलेचा. इथून कोल्हापूर काही लांब नाही. चप्पल लाइन तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. हा धंदा कुणाच्या हातांनी उभा राहिला आणि पाटीवर नाव कुणाचं लागलं, हेही तुम्हाला मी सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. पुढे जून २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने मिलान शहरातल्या प्रदर्शनात अगदी याच घाटाच्या चपला मांडल्या. कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने या चपलेचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत कोल्हापुरी चपलेचं नाव जगभर गेलं. आता विचार करा, पुण्यातल्या, बंगलोरच्या किंवा लंडनच्या एखाद्या माणसाने त्या वेळी मोबाइलवर शोध घेतला असेल आणि तो आपल्या एखाद्या कारागिराच्या संकेतस्थळावर पोहोचला असेल, तर त्याला तिथे काय दिसलं असेल?

मी सांगतो काय दिसलं असेल. वर एक हलणारं चित्र. त्याखाली 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत'. मग 'दर्जा हीच आमची ओळख', 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय'. दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, फीत कापताना पाहुणे. चपलांचे सहा फोटो आणि प्रत्येकाखाली 'किमतीसाठी संपर्क साधा'. यात खोटं काहीही नाही. पण ज्याला चप्पल घ्यायची आहे त्याच्या कामाचंही यात काही नाही. दर्जा हीच ओळख असं तर सगळेच लिहितात, ज्याचा माल आठ दिवसांत उकलतो तोसुद्धा लिहितो.

दुकानात गिऱ्हाईक येतं तेव्हा काय होतं ते आठवून बघा. ते चप्पल हातात घेतं. वाकवून बघतं. उलटी करून तळ बघतं, नाकाशी नेऊन चामड्याचा वास घेतं. पायात घालून चार पावलं चालतं. आणि हे सगळं करताना त्याचं तोंड चालू असतं. चावणार नाही ना? पावसात चालेल का? हे खरं चामडं की रेक्झिन? रंग जाईल का? करकर आवाज येणारी आहे का? दुरुस्ती करून द्याल का? संकेतस्थळावर हात नाही, नाक नाही, पाय नाही. उरतात ते प्रश्न. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हे प्रश्न म्हणजेच तुमचं संकेतस्थळ. त्यांची उत्तरं जिथे मिळतात ते उपयोगी; बाकी सगळी सजावट.

मग हे प्रश्न मिळवायचे कसे? त्याला कुणा तज्ज्ञाची फी द्यायची गरज नाही. एक वही घ्या, गल्ल्याजवळ दोरीने बांधून ठेवा. महिनाभर जो कोणी फोन करील, व्हॉट्सॲपवर विचारील, दुकानात येऊन विचारील, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून काढायचा. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुढे एक उभी रेघ ओढायची. त्याच्याच शब्दांत, हे महत्त्वाचं. गिऱ्हाईक 'उत्पादनाची वैशिष्ट्ये' विचारत नाही, ते विचारतं 'चप्पल चावते का हो?' मग संकेतस्थळावरही मथळा तसाच हवा, 'नवी चप्पल चावते का?' शोध घेतानाही माणसं आपल्या रोजच्या भाषेत घेतात. महिन्याच्या शेवटी ज्या दहा प्रश्नांपुढे सर्वांत जास्त रेघा असतील, ते दहा प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं, हे तुमच्या संकेतस्थळाचं पोट. बाकीचं नंतर.

आणि उत्तर सरळ म्हणजे सरळ. चावते का, तर हो, सुरुवातीला चावते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं जाड चामडं ते, पहिले काही दिवस कडक असणारच. जिथे घासतं तिथे आतून थोडं खोबरेल किंवा एरंडेल लावा, पहिल्यांदा घरातल्या घरात थोडा थोडा वेळ वापरा, मग ती पायाचा आकार घेते. तेलाने रंग थोडा गडद होतो, तो दोष नव्हे. पावसात चालेल का, तर नाही, भर पावसात घालू नका. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सावलीत वाळवा. काही जण म्हणतात, असं लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकेल. बिचकेल तो बिचकू द्या. ज्याला पावसाळ्यात वापरायची होती त्याने न घेतलेलीच बरी. त्याने घेतली असती, भिजवली असती, आणि मग चार लोकांत तुमचं नाव काढलं असतं.

आता या धंद्यातला सर्वांत मोठा प्रश्न, तो म्हणजे माप. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसा इथेच बुडतो.

समजा एक जोड १,२०० रुपयांना विकला. चामडं, मजुरी, बाकीचा खर्च जाऊन हातात २०० उरले. कुरियर जाताना १०० आणि माप चुकलं म्हणून परत येताना पुन्हा १००. नफा संपला. दुसरा जोड पाठवायचा तर आणखी १०० गेले खिशातून. म्हणजे एका चुकीच्या मापाने बरोबर गेलेल्या दुसऱ्या एका जोडाच्या कमाईतूनही खाल्लं. बडी कंपनी असला तोटा पचवते. घरात चौघं मिळून आठवड्याला ठरावीक जोड करणाऱ्या कुटुंबाला तो पचत नाही. म्हणून मी म्हणतो, मापाचं पान ही शोभेची वस्तू नाही, तो हिशेबाचा भाग आहे.

बहुतेक ठिकाणी नुसतं ६, ७, ८, ९ असं लिहिलेलं असतं. पण ८ म्हणजे काय? आपल्याकडे चालतात ते बहुधा इंग्लंडच्या पद्धतीचे नंबर. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपात ४० आणि ४१ यांत फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर. अमेरिकेतल्या पुरुषांचा ८ नंबर आपल्या ८ पेक्षा लहान निघतो आणि बायकांचा ८ तर आणखी लहान. म्हणजे न्यू जर्सीला राहणाऱ्या तुमच्या भाचीने आपला ८ नंबर सांगितला आणि तुम्ही आपला ८ नंबर पाठवला, की चप्पल पायातून निघून पडलीच. शिवाय हाताने केलेल्या मालात दोन घरांचे ८ नंबरसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. तेव्हा नंबर लिहा, पण त्याच्यासमोर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. ही लांबी पायाची की चपलेच्या तळाची, तेही स्पष्ट लिहा. तळ पायापेक्षा थोडा मोठा असतो, आणि घोटाळा होतो तो बरोबर इथेच.

पाय कसा मोजायचा तेही सांगावं लागतं. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची, दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायचं. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, त्यांनी अंगठा मोजला तर माप चुकतं. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा धरायचा. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. पंजा रुंद असणाऱ्यांसाठी बोटांच्या मुळाशी सुतळी फिरवून घेरही घ्यायचा. आपल्या आजोबांच्या पिढीत कारागीर कागदावर पायाचा ठसा काढून घेत होता, तेच हे. फरक एवढाच, की आता पेन्सिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आहे. त्यासाठी चार रेखाचित्रं काढून टाका, नाहीतर घरातल्या मुलाकडून अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून घ्या. शेवटी एक ओळ घाला, 'शंका असेल तर कागदावरच्या खुणेचा फोटो पट्टी ठेवून आम्हाला पाठवा, आम्ही नंबर सांगतो.' मी सांगतो, हे एक पान नीट केलं तर बाकी संकेतस्थळ साधं असलं तरी चालेल.

फोटोंचं म्हणाल तर, आपण नेहमी वरून, नवरीसारखी सजवलेली चप्पल दाखवतो. गिऱ्हाइकाला काय बघायचं असतं? तळ बघायचा असतो. बाजूने जाडी बघायची असते. चामड्याच्या वादीने घातलेली शिवण बघायची असते, कान कसे जोडले आहेत ते बघायचं असतं, आणि ती पायात कशी दिसते तेही. तेव्हा एका जोडाचे पाच-सहा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, साध्या जमिनीवर. हाताने केलेल्या दोन पायांच्या रंगात जरासा फरक पडतो. तो झाकू नका, खाली लिहा.

फोटोंबरोबर वजनाची गोष्ट येते. वजन चपलेचं नव्हे, फोटोचं. आजच्या मोबाइलने काढलेला फोटो सहज चार एमबीचा असतो. असे बारा फोटो जसेच्या तसे चढवले की पान झालं जवळपास पन्नास एमबीचं. एस.टी.त बसून, घाटात नेटवर्क ये-जा करत असताना कुणी ते उघडलं तर चाक फिरत राहतं आणि माणूस कंटाळून दुसरीकडे जातो. गूगल कंपनीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं होतं, की पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर मोबाइलवरच्या निम्म्याहून अधिक भेटी तिथेच सोडून दिल्या जातात. फोटो लहान करण्याची साधनं फुकट मिळतात. दीड-दोनशे केबीचा फोटो मोबाइलवर पुरेसा स्वच्छ दिसतो. वेबसाइट करणाऱ्याला हे आग्रहाने सांगा. त्याच्या कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर आणि वेगवान इंटरनेटवर त्याला हा त्रास जाणवतच नाही.

आणखी एक सवय आपल्याकडे फार आहे. सगळा मजकूर एका रंगीत पोस्टरवर छापायचा, आणि तेच पोस्टर चित्र म्हणून संकेतस्थळावर लावायचं. दर, पत्ता, फोन, सगळं चित्रात. दिसायला झकास. पण चित्रातल्या फोन नंबरावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही. पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही. शोधयंत्राला त्यातली अक्षरं भरवशाने वाचता येत नाहीत, आणि मोबाइलकडून मजकूर वाचून घेणाऱ्या अंध बांधवाला तिथे काहीच ऐकू येत नाही. मजकूर मजकुरासारखाच टाका, युनिकोड मराठीत. पूर्वी मराठी संकेतस्थळांना वेगवेगळे फॉन्ट लागायचे, फॉन्ट नसला की पानभर चौकोन आणि रेघोट्या दिसायच्या. ती अडचण आता राहिलेली नाही. अक्षर मोठं ठेवा, पांढऱ्यावर काळं. पिवळ्यावर पांढरं लिहिण्याचा मोह डिझाइन करणाऱ्याला होतो, पण वाचणारा साठीचाही असतो. लिहायचं तेही थोडक्यात. याकोब नील्सन नावाच्या अभ्यासकाने १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं, की शंभरातले ७९ लोक नवं पान शब्द न् शब्द वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात. नजरेला मथळा सापडला पाहिजे, आकडा सापडला पाहिजे.

भाषेविषयी विचारतात, मराठी ठेवू की इंग्रजी? चपलेच्या बाबतीत मी म्हणेन दोन्ही, आणि बेळगाव-निपाणीकडचं गिऱ्हाईक असेल तर कानडीही. पण यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता लावू नका. त्यात 'कान' या भागाचं माणसाचा कान होऊन बसतं.

आता किंमत. 'किमतीसाठी संपर्क साधा' याच्या मी सपशेल विरुद्ध आहे. मला कारण माहीत आहे; शेजारच्या दुकानदाराला दर कळू नये आणि माणूस बघून भाव सांगता यावा. शेजाऱ्याला दर कळतोच, तो पोराला पाठवून विचारून घेतो. आणि गिऱ्हाईक किंमत दिसली नाही की असं धरून चालतं, की ही फार महाग असणार किंवा हा माणूस बघून भाव लावणार. आपल्या माणसांना हा अनुभव दुकानादुकानांतून पुरेसा आलेला आहे. छापील, सगळ्यांना सारखा दिसणारा भाव ही इज्जतीची गोष्ट आहे. आणि भाव सांगायचा तर पूर्ण सांगायचा. कर धरून, कुरियर धरून. आधी ९९९ दाखवायचे आणि शेवटच्या पायरीला १,१८० करायचे हा खेळ मोठ्या कंपन्यांकडे बघून आपण शिकलो. तो सोडून द्या.

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. स्वतःच्या संकेतस्थळावरून नियमित विक्री करणाऱ्याने व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्काचे क्रमांक, एकूण किंमत आणि तिच्यातले वेगवेगळे आकार, माल परत घेण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम हे सगळं ठळकपणे दाखवायचं आहे. तक्रारीसाठी एका माणसाचं नाव द्यायचं. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात. घरच्या धंद्यात हा माणूस म्हणजे तुम्हीच किंवा तुमची सूनबाई, काही हरकत नाही, पण नाव लिहा. दुसरं म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या युक्त्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तेरा युक्त्या नोंदवल्या आहेत. 'फक्त दोनच जोड शिल्लक', 'ऑफर संपायला दहा मिनिटं' असं खोटंच लिहून घाई करायला लावणं ही त्यातली एक. विकत घेतलेल्या तयार नमुन्यांत असली घड्याळं आधीच बसवलेली असतात. तुमच्या संकेतस्थळावर तसलं घड्याळ टिकटिकत असेल तर काढून टाकायला सांगा.

परतीचा नियम कडक असला तरी चालेल, पण तो खरेदीच्या आधी दिसला पाहिजे. 'न वापरलेली चप्पल सात दिवसांत बदलून मिळेल, परतीचं कुरियर ग्राहकाकडे. पायाच्या मापाने खास करून घेतलेली बदलून मिळणार नाही, शिवण उकलली तर मात्र दुरुस्ती आमच्याकडे.' हा एक नमुना झाला, तुम्ही आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवा. लोक नियमावर चिडत नाहीत, नियम नंतर कळला की चिडतात.

आता विश्वासाविषयी. तुम्हाला गंगाराम कांबळे यांची गोष्ट ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली, आणि लोक तिथला चहा प्यायला तयार नव्हते तेव्हा स्वतः जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. धंदा म्हणून या गोष्टीकडे बघा. चहा चांगला होता. भांडवल मिळालं होतं. अडलं होतं ते पहिल्या गिऱ्हाइकाने उंबरा ओलांडण्यापाशी. परक्या गावच्या माणसाला आपल्या संकेतस्थळावर पैसे भरताना असंच उंबऱ्यापाशी अडायला होतं. त्याचं कारण वेगळं आहे, भीती फसवणुकीची आहे. दुसऱ्यांचे फोटो चोरून उभी केलेली खोटी दुकानं त्याने ऐकलेली असतात. आणि इथे त्याच्यासाठी पहिला घोट घ्यायला कुणी महाराज येणार नाहीत.

तेव्हा त्याला पडताळून बघता येईल अशा गोष्टी समोर ठेवा. पूर्ण पत्ता, गल्लीसकट. दुकानाचा बाहेरून काढलेला फोटो. दुकान किती वाजता उघडतं, कोणत्या वारी बंद असतं. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट करता येते. ती करा आणि खूण बरोबर जागेवर आहे का ते स्वतः चालत जाऊन बघा. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक. आणि एक बारीक गोष्ट, जी मला फारच थोड्या ठिकाणी दिसते. यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याला खातेदाराचं नाव दिसतं. दुकानाचं नाव एक आणि खातं पत्नीच्या नावावर असलं, की तो दचकतो आणि थांबतो. आधीच लिहून ठेवा, 'पैसे पाठवताना आपल्याला अमुक नाव दिसेल.' एका ओळीने काम होतं.

भौगोलिक मानांकनाचंही तसंच. ते चिन्ह इंटरनेटवरून उतरवून कोणीही चिकटवतं, यंत्रावर रेक्झिनची चप्पल करणारासुद्धा. ज्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली आहे त्याने आपला नोंदणी क्रमांक चिन्हाखाली लिहावा. ज्याची झालेली नाही त्याने चिन्ह लावू नये, नोंदणीच्या मागे लागावं. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे याची चौकशी करता येईल.

आणि कारागिराचं नाव. ही माझ्या मनाला लागलेली गोष्ट आहे. या चपलेवर आजवर दुकानाचं नाव छापलं गेलं, गावाचं नाव लागलं, मिलानमध्ये तर गावाचंही नाव गळून पडलं. जिने वेणी विणली त्या बाईचं नाव कधीच कुठे नव्हतं. संकेतस्थळावर जागेला भाडं पडत नाही. एका जोडाच्या फोटोखाली 'कातडी कापणी यांची, वेणी यांची, शिवण यांची' असं लिहायला दोन ओळी लागतात. हे केवळ भावनेचं आहे असं समजू नका. परगावच्या गिऱ्हाइकाला यंत्राच्या मालापेक्षा आपला माल महाग का, याचं उत्तर त्या दोन ओळींत मिळतं. किती दिवस लागले तेही लिहा. मात्र ज्याचं नाव आणि फोटो टाकायचा त्याला विचारून टाका. काहींना नको असतं. आडनाव छापलं की गिऱ्हाईक कमी होईल ही भीती अजून काही घरांत आहे, आणि ती त्यांनी उगाच बाळगलेली नाही. ज्यांना नको आहे त्यांच्यावर आपण शूरपणा लादू नये.

मोठ्या खरेदी-विक्रीच्या कंपन्यांवर माल ठेवावा का, असं मघाशी एका भगिनीने विचारलं. ठेवावा. तिथे गर्दी असते. पण तिथे त्यांचं कमिशन जातं, आणि गिऱ्हाईक त्यांचं राहतं, तुमचं होत नाही. पुढच्या दिवाळीला त्याला निरोप पाठवायचा तर त्याचा पत्ता तुमच्याकडे नसतो. स्वतःचं संकेतस्थळ हे स्वतःचं दुकान. पण मग त्याचा सातबारा तुमच्या नावावर पाहिजे. मी डोमेनविषयी बोलतोय. संकेतस्थळाचं नाव पुष्कळदा वेबसाइट करून देणाराच स्वतःच्या नावावर घेतो, आणि तो गाव सोडून गेला की सगळंच जातं. नाव तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवून घ्या, आणि दरवर्षी नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सगळं झाल्यावर एक परीक्षा घ्यायची. शेजारच्या मावशींच्या हातात मोबाइल द्यायचा आणि सांगायचं, 'यावरून तुमच्या मापाची एक चप्पल मागवून दाखवा.' आणि मग आपण गप्प बसायचं. हेच कठीण आहे. आपल्याला राहवत नाही, आपण म्हणतो 'अहो मावशी, तिथे नाही, वरती बघा.' नाही बोलायचं. त्या कुठे अडल्या, कुठे मागे फिरल्या, कशाला 'हे काय आहे?' म्हणाल्या, ते वहीत लिहायचं. असे चार-पाच जण झाले की संकेतस्थळात काय बदलायचं याची यादी तयार होते. मावशी चुकल्या असं लिहायचं नाही. जिथे त्या अडल्या तिथे पान चुकलेलं आहे.

देखभालीचं थोडं सांगून थांबतो. संपलेला माल दिसत ठेवायचा असेल तर 'संपला आहे, तीन आठवड्यांनी येईल' असं लिहा. पैसे भरून झाल्यावर फोन करून 'नाहीये' सांगणं फार वाईट. दिवाळीची गेल्या वर्षीची सवलत मार्च महिन्यात पाटीवर ठेवू नका. पावसाळ्यात चामडं वाळायला वेळ लागतो, तेव्हा जून ते सप्टेंबर माल पोहोचायला किती दिवस जास्त लागतील ते वर लिहून टाका. आठवड्यातून एकदा, दुकान बंद असतं त्या दिवशी, पंधरा मिनिटं स्वतःचं संकेतस्थळ मोबाइलवर उघडून फोनचं बटण दाबून बघायचं, लागतो का.

मसाल्याचा, शिवणकामाचा, मंडपाचा धंदा असलेल्यांनी मापाच्या जागी आपापला प्रश्न घालावा. मसाल्याला तो तिखटपणाचा आणि किती दिवस टिकेल याचा असेल, ब्लाउजला अस्तराचा आणि तारखेचा. चहानंतर आपण याच ठिकाणी बसणार आहोत. ज्यांची संकेतस्थळं आहेत त्यांनी ती आपल्या मोबाइलवर उघडून शेजारच्या माणसाच्या हातात द्यावीत. समितीने वह्या आणून ठेवलेल्या आहेत, प्रत्येकाने एकेक घ्यावी.